पोलीस भरतीतली पडताळणी: दारावर कडक, आत मोकळी

पोलीस भरतीची जाहिरात आली की माझे रविवार मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत जातात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे फोटो अपलोड होत नाही, फी कटली पण पावती आली नाही, असल्या सगळ्या तक्रारींवर इलाज माझ्याकडेच असणार, असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलंय. ते प्रश्न सुटतात. खरा प्रश्न बाकीचे उठून गेल्यावर, हळू आवाजात येतो. "भाई, माझ्यावर एक केस आहे. टाकू का नको?"

केस कसली, म्हणून विचारलं की बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. कुठल्यातरी मोर्चात गेलो होतो. जमावबंदी होती, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १३५ लागलं. लॉकडाऊनमध्ये बाहेर सापडलो, भादंविचं १८८ लागलं. गल्लीत क्रिकेटवरून हाणामारी झाली, दोन्हीकडून तक्रारी झाल्या आणि वर्षभराने आपसात मिटलं. त्या पोराने सोळाशे मीटर धावायचा सराव केलेला असतो, गोळाफेकीत खांदा दुखवून घेतलेला असतो, लेखीसाठी रात्री जागवलेल्या असतात. आणि आता एका रकान्यापुढे त्याचा हात थांबलेला असतो. शेजारी बसलेला कुणीतरी हमखास सांगतो, "लिहू नको, कोण बघतंय?"

बघतात. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून घेतात. त्यात विचारलेलं असतं: कधी अटक झाली होती का, खटला भरला होता का, बंधपत्र लिहून घेतलं होतं का, दंड किंवा शिक्षा झाली का, आज काही प्रलंबित आहे का. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर नेमणूक रद्द होईल, असा इशाराही असतो. मग तो कागद तुमच्या पोलीस ठाण्यात जातो. तिथले हवालदार रजिस्टर आणि संगणक बघतात, घरी येतात, शेजारी विचारतात. म्हणून माझं उत्तर एकच असतं: विचारलं असेल तर लिहायचं. गुन्हा क्रमांक, कलम, कोर्टाचं नाव, निकाल लागला असेल तर तारीख. सगळं.

हा सल्ला मी नैतिकतेचा धडा म्हणून देत नाही, कायदा तसा आहे म्हणून देतो. ज्यांना भरतीत उतरायचंय त्यांनी २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल एकदा तरी समजून घ्यावा. त्याआधी वेगवेगळ्या खंडपीठांनी वेगवेगळं सांगितलं होतं, म्हणून तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सगळं एकत्र करून सूत्रं घालून दिली. त्यांचा मथितार्थ असा. माहिती खरी द्यायची, हे पहिलं. किरकोळ गुन्हा असेल, उदाहरणार्थ तरुण वयात दिलेल्या घोषणा, आणि तो लपवला गेला असेल, तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला ते माफ करता येतं. माहिती प्रामाणिकपणे दिली तरी नोकरी द्यायलाच हवी असं बंधन सरकारवर नाही. त्याला पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार आहे. किरकोळ केस चालू असेल आणि ती नीट सांगितली असेल, तर नेमणूक देता येते. एकाहून जास्त केसेस जाणूनबुजून लपवल्या, तर ते एकटंच नोकरी नाकारायला पुरेसं ठरू शकतं. अर्जात जे स्पष्टपणे विचारलंय तेवढ्याच माहितीबद्दल लपवल्याचा ठपका ठेवता येतो. आणि उमेदवाराला ती गोष्ट ठाऊक होती हे दिसल्याशिवाय त्याने सत्य दडवलं असं म्हणता येत नाही.

घोषणांचा उल्लेख त्या निकालातच आहे, हे मी पोरांना मुद्दाम सांगतो. आपल्याकडे 'मोर्चात गेलास, आता सरकारी नोकरी विसर' हे वाक्य अब्बांपासून चहावाल्यापर्यंत सगळे म्हणतात. कायदा एवढ्या सरसकट बोलत नाही. पण तो हमीही देत नाही. 'देता येते' आणि 'द्यावी लागेल' यांत जे अंतर आहे, त्यातच पोरांची वर्षं जातात.

किती वर्षं? उत्तर प्रदेशातल्या एका उमेदवाराने २००४ मध्ये कॉन्स्टेबलसाठी अर्ज केला. अर्जानंतर त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि त्याच वर्षी तो सुटलाही. पण प्रतिज्ञापत्रात त्याने तो लिहिला नव्हता, म्हणून निवड रद्द झाली. त्याच्याच पोलीस ठाण्याने त्याचं वर्तन चांगलं असल्याचं कळवलेलं होतं. रवींद्र कुमार या नावाच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला तो २०२४ मध्ये. वीस वर्षं! अर्ज केला तेव्हा जन्मलेली पोरं निकाल लागला तेव्हा स्वतः भरतीची तयारी करत होती.

न्यायालयं याबाबत कधी मायाळू असतात, कधी कठोर. २०११ च्या संदीप कुमार प्रकरणात न्यायालयाने तरुण वयातल्या चुकांकडे उदारपणे पाहावं असं म्हटलं आणि व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या, भाकरी चोरणाऱ्या जाँ व्हालजाँची आठवण काढली. दोनच वर्षांनी मेहर सिंग प्रकरणात सूर बदलला: तडजोडीने किंवा संशयाचा फायदा मिळून सुटणं म्हणजे निष्कलंक सुटणं नव्हे, पोलीस दलात येणाऱ्याबद्दल लोकांना भरवसा वाटला पाहिजे, आणि छाननी समितीने विचार करून नकार दिला असेल तर आम्ही मध्ये पडणार नाही. आपसात मिटवलेल्या मारामारीच्या केसेस इथेच अडकतात. मिटवताना वकील म्हणतो "सुटलास, झालं". भरतीच्या वेळी कळतं की कसा सुटलास यालाही किंमत आहे.

मला वैयक्तिकरीत्या दुसरा निकालही चुकीचा वाटत नाही. ज्याच्या हातात काठी, बंदूक आणि अटकेचा अधिकार द्यायचा, त्याचा भूतकाळ बघायलाच हवा. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यालाही नोकरी देण्याआधी कंपनी एजन्सी नेमून पदवी, जुन्या पगाराच्या पावत्या, राहता पत्ता, सगळं तपासून घेते. पोलिसाची तपासणी त्याहून कमी का असावी? माझं भांडण तपासणीशी नाही. ती कशी होते, आणि कधी थांबते, याच्याशी आहे.

आधी कशी होते ते बघू. इथे माझा धंदा थोडा उपयोगी पडतो.

गुन्ह्यांची माहिती आता सीसीटीएनएस नावाच्या देशव्यापी यंत्रणेत असते. तिला केंद्राने २००९ मध्ये मंजुरी दिली. पोलीस ठाण्यातली नोंद दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात शोधता यावी हा तिचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण नावावरून माणूस शोधणं ही संगणकाच्या दुनियेतली फार जुनी डोकेदुखी आहे, आणि आपली नावं तर त्यात मास्टर क्लास. मराठवाड्यात पोराचं नाव शाळेच्या दाखल्यावर 'शेख इम्रान शेख रहीम', आधारवर 'इम्रान रहीम शेख', बँकेत 'शेख इम्रान', आणि एफआयआरमध्ये 'इम्रान उर्फ इम्मू, रा. स्टेशन रोड'. इंग्रजीत एकट्या 'शेख'चीच चार स्पेलिंग. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'मोहम्मद'चं 'मो.'. एकाच तालुक्यात याच नावाची पंधरावीस पोरं सहज निघतील.

अशा नावांवर शोध घेतला की दोन प्रकारचे घोटाळे होऊ शकतात. दुसऱ्याच इम्रानचा गुन्हा तुमच्या नावापुढे येतो, किंवा तुमचा असून सापडत नाही. जुळणीचे निकष ढिले ठेवले तर पहिला घोटाळा वाढतो, कडक ठेवले तर दुसरा. याला संगणकीय इलाज एकच: नावासोबत जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता, जमल्यास बोटांचे ठसे जुळवायचे, आणि शेवटी माणसाने डोळ्यांनी बघायचं. म्हणजे जबाबदारी पुन्हा ठाण्यातल्या त्या एका कर्मचाऱ्यावर. त्याच्याकडे वेळ असला आणि मन मोकळं असलं तर प्रश्न नाही. नसलं तर 'प्रतिकूल' असा शेरा लिहायला एक मिनिट लागतं आणि तो पुसायला हायकोर्ट.

म्हणून पोरांना सांगतो, भरतीच्या वर्षभर आधी सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या, लागलं तर राजपत्रात प्रसिद्ध करून. आणि ठाण्यातून कुणी म्हणालं की तुझ्या नावावर गुन्हा दिसतोय, तर घाबरून तंटा करू नका, गुन्हा क्रमांक आणि वर्ष मागा. दुसऱ्याचा असेल तर तिथेच लेखी द्या आणि पोच घ्या.

सणाच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर मोहल्ल्यातल्या पोरांना नोटिसा येतात, त्याबद्दलही गोंधळ असतो. जुन्या फौजदारी संहितेच्या १४९ ची, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ ची नोटीस हा गुन्हा नव्हे. १०७ ची कारवाई, जिला आपण चॅप्टर केस म्हणतो आणि जी आता कलम १२६ खाली होते, तोही गुन्हा नव्हे. पण त्यात बंधपत्र लिहून दिलं असेल आणि नमुन्यात बंधपत्राबद्दल विचारलं असेल, तर लिहावं लागेल. अठरा वर्षांच्या आतलं प्रकरण असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ वकिलाला दाखवा. गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालल्याचा अपवाद सोडला, तर लहानपणीच्या प्रकरणामुळे माणूस अपात्र ठरू नये असं ते कलम सांगतं.

आणि आंदोलनातल्या केसेस. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले, जीवितहानी किंवा मोठं नुकसान न झालेले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय राज्यात अधूनमधून निघतात. बातमी वाचून पोरं समजतात की सुटलो. तसं होत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करावा लागतो, कोर्टाने परवानगी द्यावी लागते, तेव्हा केस संपते. पूर्वी ३२१, आता कलम ३६०. तुमच्या केसमध्ये तो अर्ज झाला का, आदेश झाला का, हे कोर्टात जाऊन बघा आणि प्रमाणित प्रत घरात ठेवा. नेत्यांचे खटले मागे घ्यायला कुणीतरी पाठपुरावा करतं. तुमचा तुम्हालाच करायचाय.

इथवर दारावरच्या तपासणीबद्दल झालं. आता दाराच्या आत बघू.

ख्वाजा युनूस हे नाव तिशीतल्या वाचकांना आठवत असेल, विशीतल्यांना कदाचित नाही. परभणीचा मुलगा, वय २७, सॉफ्टवेअर इंजिनिअर. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर पोलिसांनी त्याला उचललं, पोटा लावला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. पुढे सीआयडीच्या तपासात ही कहाणी खोटी ठरली. तो कोठडीतच मेला असल्याचं पुढे आलं. त्याचा मृतदेह घरच्यांना कधी मिळाला नाही. चार पोलिसांवर खटला भरला गेला आणि २००४ मध्ये त्यांना निलंबित केलं गेलं. त्यांत सचिन वाझे होते.

जून २०२० मध्ये त्या निलंबित पोलिसांना सेवेत परत घेतलं गेलं. कोविडमुळे मनुष्यबळ कमी आहे, असं कारण दिलं गेलं. खुनाच्या आरोपाचा खटला तेव्हाही उभाच होता. ख्वाजाच्या आईने याविरुद्ध उच्च न्यायालयात अवमान याचिका दाखल केली. वाझेंना गुन्हे शाखेत महत्त्वाची जागा मिळाली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: मार्च २०२१ मध्ये अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीच्या प्रकरणात एनआयएने त्यांना अटक केली आणि मे महिन्यात त्यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आलं.

त्या खटल्यांत कोण दोषी हे न्यायालय ठरवेल, मी नाही. माझा मुद्दा छोटा आहे. कलम १३५ ची प्रलंबित केस असलेला विशीतला पोरगा दारात उभा असतो तेव्हा राज्य म्हणतं, तुझ्यावर केस आहे, लोकांचा भरवसा कसा बसेल? आणि कोठडीतल्या मृत्यूचा खटला अंगावर असलेला अधिकारी सोळा वर्षांनी परत येतो, तेव्हा तेच राज्य म्हणतं, माणसं कमी आहेत, या. मेहर सिंगच्या निकालातला तो भरवसा फक्त शिपायाच्या भरतीपुरता होता का?

तांत्रिकदृष्ट्या दोघांना वेगळे नियम आहेत, हे मला कळतं. उमेदवाराला नोकरीचा हक्क नसतो. नोकरीत असलेल्याला संविधानाच्या कलम ३११ चं संरक्षण असतं, चौकशीशिवाय काढता येत नाही. ते संरक्षण असायलाच हवं, नाहीतर प्रामाणिक अधिकारीही एका फोनवर घरी जाईल. पण काढणं वेगळं आणि खटला चालू असताना पुन्हा तपासाची सूत्रं हातात देणं वेगळं. आमच्या क्षेत्रात नोकरीला लागताना एकदा तपासून माणसाला कायमच्या किल्ल्या देत नाहीत. ग्राहकांची माहिती ज्याच्या हाताखाली आहे, त्याची परवानगी दर काही महिन्यांनी नव्याने तपासली जाते: अजून गरज आहे का, काही गडबड झाली का. तक्रार असेल तर चौकशी होईपर्यंत परवानगी काढून घेतात, नोकरी नाही. लोकांच्या क्रेडिट कार्डाच्या नंबरांसाठी एवढं करतो आपण.

अमेरिकेत हा प्रश्न 'सर्टिफिकेशन' या नावाने चर्चेत आहे. तिथे बहुतेक राज्यांत पोलिसाला डॉक्टर-वकिलासारखं राज्याचं प्रमाणपत्र लागतं. पार्श्वभूमी तपासून आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर ते मिळतं. प्रमाणपत्र गेलं तर त्या राज्यात पोलीस म्हणून काम करता येत नाही. याची गरज का पडली, त्याचं एक उदाहरण फार बोलकं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात तामीर राइस हा बारा वर्षांचा काळा मुलगा बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन होता. पोलिसांची गाडी आली आणि काही सेकंदांत एका पोलिसाने त्याला गोळी घातली. नंतर उघड झालं की हा पोलीस आधी जवळच्याच एका छोट्या गावाच्या दलात होता, आणि तिथल्या वरिष्ठांनी त्याच्या फाइलमध्ये लेखी नोंदवलं होतं की बंदूक हाताळताना हा ढासळतो, याला ठेवू नये. तो तिथून राजीनामा देऊन निघाला. क्लीव्हलंडने त्याला घेताना ती फाइल मागवून पाहिलीच नाही. २०१७ मध्ये त्याला काढलं, तेही गोळीबारासाठी नाही, तर भरतीच्या अर्जात जुन्या नोकरीबद्दल खरं न सांगितल्यासाठी. त्यानंतरही वेगवेगळ्या छोट्या गावांनी त्याला नेमलं आणि लोक ओरडल्यावर तो मागे हटला.

कॅलिफोर्नियात पोलिसांचे निकष ठरवणारा आयोग १९५९ पासून आहे, पण गैरवर्तनासाठी प्रमाणपत्र काढून घेण्याचा अधिकार त्याला २०२१ च्या कायद्याने मिळाला. पोलिसाच्या गोळीने मेलेल्या केनेथ रॉस या तरुणाचं नाव त्या कायद्याला आहे, आणि त्याच्या आईने त्यासाठी लढा दिला. त्यात गंभीर गैरवर्तन म्हणून काय मोजलंय ते बघण्यासारखं आहे: खोटेपणा, अधिकाराचा गैरवापर, मारहाण, लैंगिक अत्याचार, सहकारी जास्तीचं बळ वापरत असताना त्याला न अडवणं, आणि भेदभाव करणं. धर्म, वंश, लिंग यांवरून पूर्वग्रह दाखवणं हे तिथे पोलीस राहण्याला अपात्र ठरवू शकणारं वर्तन आहे. आपल्या साक्षांकन नमुन्यात मोर्चाबद्दल रकाना आहे, पूर्वग्रहाबद्दल नाही.

अमेरिकेची पोलीस व्यवस्था आदर्श आहे असं म्हणणं हास्यास्पद होईल. हे कायदे तिथे किती मृत्यूंनंतर आले ते बघा. आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात त्यासाठी दुरुस्ती केली. पण अभ्यासिकेतल्या पोरांना मी विचारतो तेव्हा या प्राधिकरणाचं नाव ऐकलेला एखादाच सापडतो.

माझे काही मित्र म्हणतात, पडताळणी वाढवा म्हणून तू ओरडशील आणि तिचा पहिला फटका आपल्याच पोरांना बसेल. भीती खोटी नाही. म्हणूनच मागणी नेमकी हवी. एफआयआरमध्ये नाव आहे एवढ्यावर नव्हे, चौकशीत काय निष्पन्न झालं त्यावर निर्णय व्हावा, उमेदवाराचाही आणि अधिकाऱ्याचाही. किरकोळ गुन्हा म्हणजे काय, याची यादी भरतीच्या जाहिरातीसोबतच छापावी. जिल्ह्याजिल्ह्यात वेगळा अर्थ नको. नकार दिला तर कारणांसह लेखी आदेश, आणि नावाच्या घोळासाठी दाद मागायची मुदत. निलंबित माणसाला परत घेताना, बढती देताना, गुन्हे शाखेसारख्या ठिकाणी नेमताना पडताळणी पुन्हा व्हावी, आणि प्राधिकरणाने दोषी धरलेल्याची नोंद बदलीबरोबर त्याच्या मागे जावी. यात मुसलमानांसाठी वेगळं काही मागितलेलं नाही. भीमा कोरेगावनंतर गुन्हे अंगावर घेऊन बसलेली दलित पोरं, मराठा आरक्षणाच्या आंदोलनातली पोरं, शेतकऱ्यांची पोरं, सगळी याच रकान्यापाशी अडतात. हा विषय त्यांच्याबरोबर बसून मांडता येण्यासारखा आहे, आणि आपण तसा कधी मांडलेला नाही.

काही जण यापुढे जाऊन म्हणतात, पोलिसात जायचंच कशाला? त्यांना मी सच्चर समितीचा आकडा दाखवतो. २००६ मध्ये समितीने नोंदवलं की देशात मुसलमान १३.४ टक्के, पण कॉन्स्टेबलमध्ये त्यांचा वाटा ६ टक्के. भरतीत उतरायचंच नाही असं ठरवलं तर हा आकडा वर कसा जाणार? ठाण्यात आपल्या अम्मीची तक्रार लिहून घेणारा, उर्दू नाव नीट लिहिणारा, 'हा इम्रान तो इम्रान नव्हे' हे एका नजरेत ओळखणारा कुणीतरी आत हवा. त्याने आपल्या बाजूने झुकावं अशी अपेक्षा नाही. नोंद बरोबर करावी, एवढंच.

या महिन्यात ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या जिल्ह्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. विचारायचं असं: गेल्या पाच भरत्यांत चारित्र्य पडताळणीच्या कारणाने किती निवडी रद्द झाल्या, त्यांपैकी किती माहिती लपवल्यामुळे आणि किती प्रलंबित गुन्ह्यामुळे. दुसरा प्रश्न: याच काळात फौजदारी खटला प्रलंबित असताना किती पोलिसांना निलंबनातून परत घेतलं आणि कोणत्या पदांवर. नावं मागू नका, फक्त आकडे मागा. नावं मागितली की खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळायला कारण मिळतं. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून हे दोन प्रश्न दोन वेगळ्या अर्जांत लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, आणि उत्तर आलं तर त्याची प्रत संपादकांकडे पाठवा. सगळ्या जिल्ह्यांचे आकडे एका तक्त्यात मांडायचं काम मी करतो.